ब्लॅक नाइटची गल्ली: गेममधला तलवारीचा वार समाधान कधी देतो?

२०११ या एकाच वर्षी तलवारीचे दोन मोठे फँटसी आरपीजी, म्हणजे पात्र घडवत, वाढवत खेळायचे खेळ, आले. फ्रॉमसॉफ्टवेअरचा 'डार्क सोल्स' २२ सप्टेंबरला जपानमध्ये आला आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला उरलेल्या जगात. बेथेस्डाचा 'स्कायरिम' ११ नोव्हेंबरला आला. दोन्हींत तलवार आहे, ढाल आहे, दम मोजणारी हिरवी पट्टी आहे, थडग्यांतून उठलेले मुडदे आहेत. स्कायरिमचं जग कितीतरी मोठं आहे. नुसतं डोंगरावर चढून आकाश बघत बसावं इतकं सुंदर आहे. तरीही हातघाईच्या लढाईचा विषय निघाला की लोक आजही डार्क सोल्सचं नाव घेतात, आणि स्कायरिम खेळणारे पुष्कळजण तलवारबाजी सुधारणारे मॉड, म्हणजे चाहत्यांनी गेममध्ये केलेले बदल, शोधत असतात.

हा फरक नेमका कुठून येतो ते पाहण्यासाठी डार्क सोल्समधला एकच प्रसंग इथे उलगडतो. मोठे बॉस, म्हणजे वाट अडवणारे खास बलाढ्य शत्रू, मुद्दाम बाजूला ठेवले आहेत. बॉसच्या लढाईत संगीत असतं, शत्रूचा अवाढव्य आकार असतो, दार ओलांडतानाची धाकधूक असते. त्यामुळे मजा तलवारीची की देखाव्याची हे वेगळं काढता येत नाही. निवडलेल्या प्रसंगात यातलं काहीच नाही. एक अरुंद गल्ली, एक शत्रू, आणि वाऱ्याचा आवाज.

प्रसंग

गेमच्या सुरुवातीच्या तासांतच अनडेड बर्ग नावाचं तटबंदीचं, ओसाड शहर लागतं. तोवर खेळाडूने तुरुंगातला पहिला सराव संपवलेला असतो, फायरलिंक श्राइन या मुक्कामावरून वर चढून तो इथे आलेला असतो. बर्गमध्ये भेटणारे हॉलो सैनिक म्हणजे अर्धमेले शिपाई. कोणाच्या हातात मोडकी तलवार, कोणाकडे भाला, कोणाकडे क्रॉसबो. यांच्याकडून खेळाडू पहिला धडा शिकतो. ढाल वर धर, त्यांचा वार ढालीवर आदळू दे, ते अडखळले की मार. तासाभरात हे अंगवळणी पडतं आणि आपल्याला लढता येतं असं वाटू लागतं.

पुढे एका बाजूला जिने उतरून गेलं की एक निमुळती वाट लागते आणि ती कुठेच जात नाही. टोकाला एका प्रेतावर वस्तू चमकत असते, आणि तिच्या वाटेत काळ्या चिलखतातला एक उंच योद्धा पाठमोरा उभा असतो. हा ब्लॅक नाइट. राखतो आहे ती ब्लू टिअरस्टोन रिंग, म्हणजे जीव थोडाच उरला की संरक्षण वाढवणारी अंगठी. गेम पुढे नेण्यासाठी तिची गरज नाही. या गल्लीत न जाताही सगळा खेळ पूर्ण होतो.

पहिल्यांदा जाणाऱ्याचं काय होतं ते बहुतेकांना ठाऊक आहे. हॉलोंवर चालणारा धडा इथे चालत नाही. वार ढालीवर घेतला तर हिरवी पट्टी एका दणक्यात निम्म्याहून खाली येते, आणखी एक वार घेतला की ढाल उघडी पडते, आणि पुढच्या वाराला कशाचाच अडसर उरत नाही. पाठीमागे पळावं तर गल्ली चिंचोळी. बाजूला लोळण घ्यावी तर भिंत. मेल्यावर शेवटच्या बोनफायरवर, म्हणजे जिथे विसावा घेतला त्या शेकोटीवर, थोड्याच अंतरावर पुन्हा जाग येते. जमवलेले सोल्स, म्हणजे शत्रू मारून मिळालेली कमाई, गल्लीतच पडलेले असतात. ते आणायला परत जायला एकदाच संधी मिळते. त्याआधी पुन्हा मेलात तर ते गेले.

आणि तरी लोक परत जातात. अंगठीसाठी जाणारे थोडेच. बाकीचे जातात कारण मरण आलं ते का आलं हे त्यांना कळलेलं असतं. माझ्या मते या प्रसंगाचं सगळं मर्म इथेच आहे. आता हे 'कळणं' गेम कसं घडवून आणतो ते बघू.

उगारणं, पडणं, सावरणं

तलवारीच्या प्रत्येक वाराचे तीन भाग असतात. आधी हात मागे जातो, मग पातं पुढे येतं आणि लागतं, आणि शेवटी शरीर तोल सावरून मूळ जागी येतं. कुठल्याही ॲक्शन गेममध्ये हे तिन्ही भाग असतातच. प्रश्न इतकाच असतो की यांतला कुठला भाग खेळाडूला मध्येच सोडून देता येतो.

डार्क सोल्सचं उत्तर कडक आहे. बटण दाबलंत, वार सुरू झाला, आता तो पुरा होईपर्यंत तुम्ही त्याच्या स्वाधीन. मध्येच ढाल उचलता येत नाही, लोळण घेता येत नाही, बाटलीतला एस्टसचा, म्हणजे जीव भरून काढणारा, घोट घेता येत नाही. शिवाय गेम तुमचं पुढचं बटण लक्षात ठेवतो. घाबरून दोनदा दाबलंत तर पहिला वार संपल्यावर दुसराही होणार, मग तोवर शत्रूची तलवार तुमच्या डोक्यावर का येईना. खेळणारे याला हावरटपणा म्हणतात. दोन वार पुरेसे होते, तिसरा का मारलास? ब्लॅक नाइटसमोर होणाऱ्या मरणांपैकी मोठा वाटा या तिसऱ्या वाराचा असतो.

वरवर पाहता ही अडचण आहे. हातातली पात्रं झटपट ऐकावीत, बटण आणि हालचाल यांत अंतर नसावं, अशी आपली अपेक्षा असते आणि ती रास्तही आहे. पण वार मागे घेता आला तर वार करण्याआधी विचार करायचं कारणच उरत नाही. मागे घेता येत नाही म्हणून प्रत्येक वाराआधी क्षणभर हिशेब होतो: त्याचा वार संपला का, मी पुरेसा जवळ आहे का, मला सावरायला किती वेळ लागेल. तो हिशेब बरोबर आला आणि पातं लागलं, की जे वाटतं ते नुकसानीच्या आकड्यातून कधीच मिळत नाही.

कोल्हापूरकडे मर्दानी खेळात दांडपट्टा फिरवताना ज्यांनी पाहिला असेल त्यांना हे चटकन पटेल. पट्ट्याची मूठ लोखंडी कवचात असते, कोपरापर्यंतचा हात त्यात बंद होतो, त्यामुळे मनगटाला मोकळीक नसते. वार निघतो तो खांद्यातून, आणि त्याच्याही आधी पायांतून. एकदा पातं सुटलं की ते अर्धवट थांबवता येत नाही. खेळाडू ती गती पुढच्या वारात वळवतो. बघणाऱ्याला त्यात जी ताकद जाणवते ती पात्याच्या वेगाइतकीच त्या बांधिलकीची असते. डार्क सोल्समध्ये जड तलवार उचलली की पात्राचं सगळं अंग तिच्यामागे ओढलं जातं, पाय फाकतात, वार चुकला तर तोल जातो. ॲनिमेशन करणाऱ्यांनी वजन पात्याला दिलंच, पण त्याहून जास्त ते माणसाच्या अंगाला दिलं.

दमाची पट्टी

हिरवी पट्टी दोन्ही गेममध्ये आहे, पण काम निराळं करते. स्कायरिममध्ये साधा वार फुकट असतो. दम लागतो तो जोरकस वाराला आणि धावण्याला. त्यामुळे पट्टी संपली तरी माणूस तलवार चालवत राहू शकतो. डार्क सोल्समध्ये वार, लोळण, धावणं आणि ढालीवर घेतलेला मार, हे सगळं त्याच एका पट्टीतून जातं. म्हणजे हल्ल्याला वापरलेला दम बचावातून वजा होतो. वर आणखी एक बारकावा आहे. ढाल उचललेली असताना दम हळू भरतो. सुरक्षित वाटावं म्हणून सतत ढालीआड राहणारा माणूस हळूहळू कमजोर होत जातो. त्याला ढाल खाली करायचं धाडस करावं लागतं, शत्रू समोर असताना.

ब्लॅक नाइट हा नियम शिकवतो. हॉलोंच्या हलक्या माराने पट्टी फारशी उतरत नाही, म्हणून तो नियम तिथे कळतच नाही. इथे दोन दणक्यांत कळतो. ढाल कधी खाली करायची हे ज्याला उमगलं त्याला ही लढाई पुष्कळ सोपी जाते, आणि कुठलंही मोठं शस्त्र न मिळवता, एकही लेव्हल न वाढवता सोपी जाते. आरपीजीमध्ये ही गोष्ट फार मोलाची आहे. या प्रकारच्या खेळांत पात्र वाढतं. इथे पात्राबरोबर हातात कंट्रोलर धरलेला माणूसही वाढतो.

चिलखताचं वजनही याच हिशेबात येतं. अंगावरचा भार पेलण्याच्या क्षमतेच्या २५ टक्क्यांखाली असला तर लोळण चपळ, ५० टक्क्यांपर्यंत मध्यम, आणि त्यावर गेला की पात्र धोंड्यासारखं आपटतं आणि उठायला वेळ घेतं. जाड चिलखत घालून मार सोसायचा की उघड्या अंगाने चुकवायचा, हा निर्णय कपाटासमोर होतो आणि त्याचं फळ गल्लीत मिळतं. आकडे आणि हाताचं कसब यांची गाठ इतकी घट्ट बांधलेली मी फार थोड्या आरपीजींत पाहिली आहे.

भिंतींचं म्हणणं

आता गल्लीकडे. डार्क सोल्समध्ये तलवार भिंतीवर आपटली तर ठिणग्या उडतात, खणकन आवाज होतो आणि वार फुकट जाऊन पात्र मागे झटकतं. रुंद मैदानात जी तलवार उत्तम ती अरुंद जागी घात करते. बर्गमध्येच, ज्या पुलावर लाल ड्रेक, म्हणजे ड्रॅगनसारखा प्राणी, आग ओकतो तिथे, क्लेमोर ही मोठी तलवार सापडते. तिचा साधा वार आडवा आणि ऐसपैस; हॉलोंचं टोळकं समोर आलं तर एका फटक्यात तिघांना लागेल असा. पण हाच वार गल्लीत काढला की दगडावर खणकतो. जोरकस वार मात्र सरळ भोसकणारा आहे. एकाच तलवारीत दोन जागांसाठी दोन वार ठेवले आहेत, आणि कुठला कधी काढायचा हे खेळाडू डोळ्यांनी जागा मोजून ठरवतो.

फायरलिंकच्या दफनभूमीत त्याहून मोठी झ्वायहँडर पडलेली असते. तिला २४ ताकद लागते. पण दोन्ही हातांनी धरली की ताकद दीडपट धरली जाते, म्हणून १६ वर भागतं. तिचा वरून खाली आदळणारा वार हॉलोला जमिनीत चपटा करतो, आणि त्याला उठायला लागणारा वेळ पाहून हसू येतं. झ्वायहँडरवर लोकांचं प्रेम का आहे याचं उत्तर नुकसानीच्या तक्त्यात शोधू नये. शत्रू पडतो, पसरतो, धूळ उडते, आणि तुमचं पात्रही क्षणभर त्या तलवारीवर वाकलेलं राहतं. कृतीचा परिणाम जगावर झाला आणि स्वतःवरही झाला.

याउलट भाला. ढाल वर ठेवून तिच्याआडून भाल्याने टोचता येतं. सुरक्षित, परिणामकारक आणि, स्पष्टच सांगायचं तर, कंटाळवाणं. त्यात काही पणाला लागत नाही. एकाच गेममध्ये, त्याच गल्लीत, त्याच शत्रूपुढे एक शस्त्र समाधान देतं आणि दुसरं नुसतं काम उरकतं. त्यावरून समाधान गेमच्या नावात नाही, नियमांच्या जुळणीत आहे हे स्पष्ट होतं.

दोघांना एक कायदा, पण पुरता नाही

ब्लॅक नाइटच्या वारालाही तेच तीन भाग आहेत. तोही उगारतो, मारतो, सावरतो. त्याचा साखळीतला शेवटचा वार हुकला की तोही क्षणभर उघडा पडतो. खेळाडूवर जी बंधनं आहेत त्यांतली बरीचशी त्याच्यावरही दिसतात, म्हणून त्याला वाचता येतं. त्याचा खांदा मागे गेला की काय येणार हे तिसऱ्या-चौथ्या भेटीत कळतं. तो चिवट आहे, हलक्या तलवारीच्या एका वाराने सहसा डगमगत नाही, पण फसवत नाही. दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी यांचे खेळ अवघड म्हणून गाजले. अवघडपणा पचतो तो या वाचता येण्यामुळे.

मात्र कायदा पुरता सारखा नाही आणि ही या प्रकरणातली सगळ्यात मोठी खोट आहे. खेळाडूची तलवार भिंतीला अडते; पुष्कळ शत्रूंची शस्त्रं भिंतीतून आरपार येतात. कोपऱ्यावर आडोसा धरून उभं राहावं आणि दगडातून पातं यावं, हे या गेममध्ये घडतं. त्या मरणातून काहीच शिकता येत नाही, आणि म्हणून ते मरण चीड आणतं. त्याच शत्रूकडून, तितक्याच नुकसानीने आलेली दोन मरणं. एकानंतर माणूस पुन्हा गल्लीत जातो, दुसऱ्यानंतर कंट्रोलर बाजूला ठेवतो. यापेक्षा चांगला पुरावा शोधूनही मिळणार नाही.

स्कायरिममध्ये काय घडतं

त्याच काळात ब्लीक फॉल्स बॅरोमध्ये उतरलेला खेळाडू ड्रॉगरशी लढतो. थडग्यातून उठलेला, कुऱ्हाड घेतलेला, दिसायला भीतिदायक. तुम्ही तलवार चालवता, ती त्याच्या अंगातून फिरते, रक्त उडतं, त्याची लाल पट्टी थोडी उतरते. तो मात्र आपल्या कामात असतो. तुमच्या साध्या वाराने त्याचा वार सहसा थांबत नाही, त्याच्या वाराने तुमचा थांबत नाही. दोघं समोरासमोर उभे राहून एकमेकांच्या पट्ट्या उतरवतात आणि ज्याची आधी संपते तो पडतो. कधीकधी शेवटचा वार कॅमेरा बाहेर नेऊन थाटात दाखवला जातो. पहिल्यांदा ते आवडतं. पण तो क्षण खेळाडूने कमावलेला नसतो, म्हणून दहाव्यांदा तो नुसता थांबा वाटतो.

याचं मूळ बेथेस्डाच्या जुन्या खेळांत आहे. २००२ च्या 'मॉरोविंड'मध्ये तलवार समोरच्याला लागलेली डोळ्यांना दिसायची, पण वार लागला की नाही हे कौशल्याचा आकडा आणि थकवा यांवरून पडद्याआड पडणारा फासा ठरवायचा. टेबलाभोवती बसून खेळायच्या आरपीजीचा तो वारसा. तिथे फासा सगळ्यांसमोर पडतो आणि काय झालं ते सूत्रधार सांगतो, त्यामुळे वार हुकला तरी गोष्ट तयार होते. पडद्यावर डोळे एक सांगतात आणि फासा दुसरं, मग विश्वास उडतो. २००६ च्या 'ऑब्लिव्हियन'पासून हुकण्याचा फासा काढून टाकला गेला. दिसेल ते लागेल असं झालं. पण फाशाच्या जागी दुसरं काही आलं नाही. वाराला परिणाम मिळाला, जोखीम मिळाली नाही.

अवघडपणाच्या सेटिंगमध्ये हे उघडं पडतं. स्कायरिममध्ये २०१३ साली १.९ या पॅचबरोबर लेजंडरी ही सर्वांत कठीण पातळी आली. तीत खेळाडूचा मार पाव होतो आणि त्याला बसणारा मार तिप्पट. ड्रॉगर जास्त हुशार होत नाही, त्याचे वार बदलत नाहीत, वाचायला नवं काही मिळत नाही. त्याच लढाया नुसत्या लांबतात. डार्क सोल्समध्ये पहिल्या फेरीला अशी पातळी निवडताच येत नाही. ब्लॅक नाइट सगळ्यांसाठी तोच.

स्कायरिमवर अन्याय करायचा नाही. त्याची धनुर्विद्या, अंधारातून पुढे सरकणं, गुहेतून बाहेर आल्यावर दिसणारं आकाश, या गोष्टी त्याने मनापासून घडवल्या. फर्स्ट-पर्सन नजरेतून, म्हणजे स्वतःच्या डोळ्यांतून, तलवारबाजी रचणं हेही मुळात अवघड आहे, कारण पात्याचं अंतर नीट दिसत नाही आणि स्वतःचे पाय दिसतच नाहीत. अशक्य मात्र नाही. आर्केनच्या २००६ च्या 'डार्क मसाया ऑफ माइट अँड मॅजिक'ने त्याच नजरेतून लाथ मारून शत्रूला खिळ्यांच्या भिंतीवर ढकलायची सोय दिली आणि खोलीतली प्रत्येक वस्तू लढाईत आणली. गेमचं बाकीचं बरंच विसरलेल्या माणसालाही ती लाथ आठवते.

हाताला जे कळतं

काही गोष्टी इतक्या लहान आहेत की खेळताना लक्षात येत नाहीत. डार्क सोल्समध्ये वाराचं बटण कंट्रोलरच्या खांद्यावर आहे, तर्जनीखाली. त्यामुळे उजवा अंगठा कॅमेऱ्याच्या काडीवर मोकळा राहतो आणि मारतानाही आजूबाजूला बघता येतं. वार समोरच्या चार बटणांवर असता तर प्रत्येक वेळी अंगठा उचलावा लागला असता आणि गल्लीत मागची भिंत किती दूर आहे हे पाहता आलं नसतं.

आवाजांचंही तसंच. मांसात शिरणारं पातं, ढालीवर आदळणारं, चिलखतावर घसरणारं आणि दगडावर खणकणारं, प्रत्येकाचा आवाज वेगळा. डोळे शत्रूच्या खांद्यावर असताना आपल्या वाराचं काय झालं हे कान सांगतात. फायटिंग गेमवाल्यांनी आणि 'मॉन्स्टर हंटर'ने वार लागला की दोन्ही शरीरं काही फ्रेमपुरती गोठवायची युक्ती पक्की केली, ज्यामुळे पातं खरोखर कशात तरी अडकल्यासारखं वाटतं. डार्क सोल्समध्ये ती तितकी ठळक नाही. शत्रूचं डगमगणं आणि आवाज यांवर तो जास्त विसंबतो.

आणि हे सगळं फ्रेमरेटवर, म्हणजे सेकंदाला पडद्यावर किती चित्रं येतात त्यावर, उभं आहे. मूळ गेम कन्सोलवर सेकंदाला ३० फ्रेमने चालायचा, आणि ब्लाइटटाउन या दलदलीच्या भागात त्याहूनही बराच खाली यायचा. तिथे तेच शत्रू, तेच नियम, तीच तलवार असूनही लढाईची गोडी जायची, कारण उगारणं आणि पडणं यांच्यातला वेळ भरवशाचा राहायचा नाही. २०१८ च्या रीमास्टर्ड आवृत्तीत ६० फ्रेम मिळाल्या आणि जुन्या खेळाडूंना सगळ्यात मोठा फरक याच भागात जाणवला असेल तर नवल नाही. वेळेवर उभा असलेला खेळ वेळ डळमळली की कोसळतो.

'द विचर ३' (२०१५) इथे आठवतो. त्याच्या गोष्टी सांगण्यावर माझं प्रेम आहे. पण त्यात एकच बटण दाबल्यावर शत्रू किती दूर आहे त्यानुसार गेम वेगवेगळा वार निवडतो. कधी झटपट टोला, कधी गरकन गिरकी घेऊन केलेला लांब वार. दिसायला देखणं, पण किती वेळ लागणार हे आधी कळत नाही. बांधिलकी आहे, अंदाज नाही. हिशेबच करता येत नसेल तर चुकल्याचं दुःख आणि जमल्याचा आनंद दोन्ही पातळ होतात.

गल्लीतून बाहेर पडायच्या वाटा

ब्लॅक नाइटला हरवायचे मार्ग पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाचं समाधान सारखं नाही.

सगळ्यात उंचीचं समाधान पॅरीचं. त्याचा वार येत असताना, नेमक्या क्षणी, डाव्या हातातल्या ढालीने तो झटकून टाकायचा. एक घुमणारा खोल आवाज होतो, तो मागे उघडा पडतो, आणि मग पुढे होऊन तलवार आरपार. क्षण चुकला तर वार पूर्ण अंगावर. लहान बकलर ढालीने पॅरीचा अवधी थोडा वाढतो, पण मार अडवायला ती ढाल कमकुवत. पुन्हा तोच सौदा. खेळाडू ज्या वाराला घाबरत होता त्याचीच वाट पाहू लागतो, आणि भीतीपासून वाट पाहण्यापर्यंतचा हा प्रवास मला या संपूर्ण गेममधली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

पाठीत खुपसण्याचा मार्ग सोपा आणि, माझ्या मते, सर्वांत उणा. शत्रूभोवती गोल फिरत राहायचं, तो वळेपर्यंत पाठीमागे पोचायचं आणि बटण दाबायचं. गेम दोन्ही शरीरं ओढून ठरलेल्या जागी बसवतो, पुढचं सगळं आपोआप होतं, आणि तेवढ्या वेळात तुम्हाला कोणी इजा करू शकत नाही. एकमेकांशी लढणाऱ्या खेळाडूंत तर पुष्कळदा याच गोल फिरण्याला लढाई म्हणायची वेळ आली. ज्या गेमने पात्याला, भिंतीला आणि दमाला एवढं महत्त्व दिलं त्याने इथे ते तिन्ही सोडून दिले.

काहीजण बर्गच्या व्यापाऱ्याकडून आगीचे गोळे घेऊन लांबून फेकतात. काही त्याला गल्लीबाहेर मोकळ्या जागी ओढून आणतात. काही निघून जातात आणि जड चिलखत, बळकट तलवार घेऊन परततात. शेवटचा मार्ग आरपीजीच्या स्वभावाला धरून आहे आणि त्यात कमीपणा नाही. एकदा पडला की ब्लॅक नाइट तिथे पुन्हा उठत नाही, हॉलो मात्र प्रत्येक बोनफायरनंतर उठतात. त्यामुळे जिंकण्याला एक कायमपणा येतो. गल्ली रिकामी झाली ती तुमच्यामुळे, आणि रिकामीच राहते. क्वचित त्याची काळी तलवारही मागे पडते, आणि ज्याच्या पात्याची लांबी तुम्ही स्वतःच्या अंगावर मोजली ते पातं आता तुमच्या हातात येतं.

नंतर काय बदललं

फ्रॉमसॉफ्टवेअरच्या २०२२ च्या 'एल्डन रिंग'मध्ये हाच धडा स्टॉर्मव्हेल किल्ल्याच्या दाराशी मार्गिट नावाचा बॉस देतो. पण ब्लॅक नाइट जिथे उगारतो आणि मारतो, तिथे मार्गिट काठी उगारतो, थांबतो, खेळाडू घाबरून लोळण घेईपर्यंत थांबतो, आणि मग मारतो. हे मुद्दाम आहे. दहा वर्षांत खेळाडू खांदा हलला की लोळायला शिकले होते. आता त्यांना पातं बघायला शिकवायचं होतं. तुम्ही एस्टससारखा घोट घ्यायला गेलात तर तो लांबून प्रकाशाचा खंजीर फेकतो.

अनेकांना हा उशीर खोटा वाटतो आणि त्यांचं म्हणणं सोडून देण्यासारखं नाही. जड काठी हवेत थबकून राहते तेव्हा तिच्या वजनावरचा विश्वास कमी होतो. ते शरीर थांबलं नाही, कोणीतरी ॲनिमेशन थांबवलं असं जाणवतं. ब्लॅक नाइटचा वार त्याच्या अंगातून येत होता. मार्गिटचा काही वेळा समोरच्या खेळाडूची सवय मोडण्यासाठी येतो. लढाई म्हणून तो जास्त कठीण आहे. पण वाराच्या समाधानाचा विचार केला तर मी गल्लीतल्या काळ्या योद्ध्याकडे झुकतो.

एक भर मात्र निर्विवाद चांगली आहे. एल्डन रिंगमध्ये ढालीवर वार घेऊन लगेच जोरकस वाराचं बटण दाबलं की पलटवार होतो, आणि तो शत्रूचा तोल झपाट्याने मोडतो. डार्क सोल्समध्ये ढालीआड राहणारा माणूस आपली पाळी येण्याची वाट बघायचा. आता दणका सोसणं हाच त्याच्या वाराचा पहिला भाग झाला. दम तसाच जातो, जोखीम तशीच राहते, कारण पलटवारही मागे घेता येत नाही. पॅरीची नजाकत ज्यांच्या हाताला कधी साधली नाही अशा खेळाडूंनाही समोरून आलेल्या वाराचं उत्तर त्याच क्षणी, त्याच जागी देता येऊ लागलं.